भूलतज्ज्ञांचे उघडे हात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रियागृहात रक्ताचा धोका सर्वाधिक कोणाला, असे विचारले तर कोणीही सर्जनकडे बोट दाखवील. भूलतज्ज्ञ आणि भूल विभागातील तंत्रज्ञ रुग्णाच्या उशाशी, जखमेपासून दूर उभे असतात. त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असा त्यांचाही समज झालेला असतो आणि हातमोजे घालणे ते टाळतात. अनेक वर्षे हे काम केलेला भूलतज्ज्ञ या नात्याने मला हा समज चुकीचा वाटतो, कारण टाके घालण्याची सुई भरीव असते, तर शिरेत किंवा धमनीत घालायची आमची सुई पोकळ असते आणि ती बाहेर काढताना तिच्या पोटात रुग्णाचे रक्त भरलेले असते. संसर्ग असलेल्या रुग्णाच्या रक्ताची अशी सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के, तर एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के मानला जातो.

हातमोजा सुईला अडवत नाही, हे खरे. तिच्या बाहेरच्या बाजूचे बरेचसे रक्त मात्र तो पुसून घेतो आणि कॅन्युलातली (शिरेत ठेवायच्या बारीक नळीतली) सुई काढताना शिरेवरचा दाब जरा सैल पडला की बोटांवर ओघळणारे रक्त त्वचेला लागू देत नाही. दिवसभर हात धुऊन भेगाळलेल्या त्वचेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हे.

तरीही मोजे टाळले जातात आणि त्यासाठी दोन सबबी नेहमी ऐकू येतात: शीर हाताला लागत नाही आणि कॅन्युला जागेवर धरणारी चिकटपट्टी मोज्यालाच चिकटते. दुसरी तक्रार मी स्वतः वर्षानुवर्षे केली आहे. पण शीर आधी उघड्या बोटांनी चाचपून मग योग्य मापाचे मोजे घालता येतात आणि पट्ट्या आधीच कापून ठेवता येतात. प्रश्न सवयीचा आहे. गंमत अशी, की १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी रबरी मोजे करवून घेतले, तेही रुग्णासाठी नव्हे, तर जंतुनाशक द्रावणाने हातांची आग होणाऱ्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्यासाठी.

मोजे न घालण्याइतकाच, किंबहुना अधिक दुर्लक्षित दोष म्हणजे ते वेळेवर न काढणे. श्वासनलिकेत नळी बसवून झाली की लाळेने आणि कधी रक्ताने माखलेला तोच हात भूलयंत्राच्या बटणांवर, मॉनिटरवर, औषधांच्या खणावर आणि खिशातल्या मोबाइलवरही फिरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस टिकतो, म्हणजे त्या बटणाला उद्या उघड्या हाताने स्पर्श करणाऱ्यालाही आपण धोक्यात घालतो. नळी घालण्यापूर्वी मोज्यांचे दोन थर चढवून काम होताच वरचा थर उतरवणे हा साधा उपाय आहे. अर्थात शेवटी सगळे मोजे काढल्यावरही हात धुवावेच लागतात.

हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन मात्रा घेतल्यावर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते, ती अनेक जण करत नाहीत. हिपॅटायटिस सीवर तर लसच नाही. सुई टोचल्यावर जखम न पिळता साबण-पाण्याने धुवावी आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे काही तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावीत, हे प्रत्येकाला पाठ असते. अडचण वेगळीच आहे. शस्त्रक्रिया चालू असताना भूल दिलेल्या रुग्णाला सोडून भूलतज्ज्ञाला हात धुवायलाही जाता येत नाही, आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत थांबलेला माणूस ‘एवढे काय झाले’ म्हणून नोंद न करताच घरी जातो. अशा वेळी त्याची जागा कोण घेणार, त्याचे नाव रुग्णालयांनी दररोज सकाळी शस्त्रक्रियांच्या यादीतच लिहून ठेवावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ