इंजिन थंड असतानाच जा

सोलापूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

होटगी रोडची ती २०१४ ची डिझेल डिझायर तुझ्या मनात भरलीय, हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. एकच मालक, एमएच १३ पासिंग, टायर नवे, सगळं चांगलंच आहे. तरी रविवारी पैसे देण्याआधी एक गोष्ट बघायचीच आहे. फोनवर ती घाईत निसटते, म्हणून लिहून पाठवतोय.

त्या गाडीत १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं डिझेल इंजिन आहे. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं आणि पुढे बऱ्याच गाड्यांत बसलं. अ‍ॅव्हरेजला उत्तम. आपल्याच गल्लीत दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या टॅक्सी आहेत. पण ऑइलची हयगय झाली की त्याची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारी साखळी, सैल पडते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. इंजिनात ऑइल मावतं सुमारे ३ लिटर. त्यातलं लिटरभर कमी झालं किंवा तेच ऑइल वर्षानुवर्षं चालवलं, की चेन आणि तिला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाईड, झिजत जातात. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि चालती गाडी जागेवर बंद पडते.

तू तेव्हा सहावीत होतीस. पंढरपूरहून येताना मोहोळच्या पुढे हायवेवर आपली गाडी अशीच बंद पडली होती, आठवतं? स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, मागून ट्रक येत होता, आईच्या मांडीवर तुझा भाऊ झोपलेला. कशीबशी कडेला घेतली. ती गाडी विकत घेतली तेव्हा विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. शिवाय अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यावर बारीक खरखर माझ्या कानांना कळतच नव्हती. आजही कळत नाही. म्हणून रविवारी ऐकायचं तू.

रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे चेन सैल असेल तर पहिल्या सेल्फलाच बोलते. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर सरळ परत ये, दुसऱ्या दिवशी जाऊ. थंड असेल तर बॉनेट उघडून अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, पट्टा दिसतो त्या बाजूला उभी राहा आणि सेल्फ मालकाला मारायला लाव. ओढणी, केस पट्ट्यापासून लांब ठेव. डिझेलची टकटक असतेच, तिला घाबरू नकोस. क्षणभर खडखड होऊन थांबली तरी एकवेळ चालेल. पण डब्यात साखळी हलवल्यासारखा आवाज येतच राहिला, तर ती गाडी आपली नाही.

सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघ. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नकोस. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल किंवा डांबरासारखा गाळ चिकटला असेल तर मात्र सावध हो. इंजिन चालू झाल्यावर एक्झॉस्टकडे बघ, निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

आणि बिलं माग. दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदलल्याची बिलं सलग असतील, तर माझा निम्मा घोर मिटेल. "चेन बदललीय" असं नुसतं तोंडी सांगितलं तर धरू नकोस. बिलात चेनसोबत टेन्शनर, गाईड आणि दातेरी चक्रंही हवीत. जुन्या चक्रांवर नवी चेन फार टिकत नाही, हे मी मागांवर रोज बघितलंय.

गाडी स्वस्त मिळतेय म्हणून मोह सोडवत नसेल, तर आपल्या गॅरेजवाल्याला चेनच्या पूर्ण कामाचा खर्च विचार आणि तो किमतीत मिळवून बघ. पण तू दर पंधरा दिवसांनी पुण्याहून एकटी रात्रीची येणार आहेस. भिगवण-टेंभुर्णीच्या मध्ये कुठे तू अंधारात उभी राहिलेली मला सोसणार नाही. तुला राग आला तरी चालेल, पण खरखर ऐकू आली तर मी सही करू देणार नाही.

सकाळी साडेसहाला निघू. आज रात्री मालकांना एक फोन कर आणि सांग, आम्ही येईपर्यंत गाडी हलवू नका.

तुझे,
बाबा