प्लगइन आपलं, मशीन गिऱ्हाइकाचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी सॉफ्टवेअरचं एकदम लेटेस्ट व्हर्जनच घ्यायला लावा, जुनं शिकवून काय उपयोग. हेतू चांगलाय त्यांचा, पण हाच सल्ला मी स्वतःला दिला होता आणि त्याची फी भरून बसलोय, म्हणून हे पत्र.

मी दांडिया बाजारात राहतो आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांसाठी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे प्लगइन, म्हणजे त्यातच बसणारे जोडप्रोग्रॅम, बनवतो. ड्रॉइंगमधले अँगल, चॅनल, प्लेटा मोजायच्या आणि वजनासकट मटेरियलची यादी काढून द्यायची, एक बटण, बस. (१० मिमीची प्लेट असेल तर चौरस मीटरला ७८.५ किलो, हे आता झोपेतही सांगेन.) मध्ये एकदा उत्साहाच्या भरात सगळा कोड डॉटनेट ८ वर नेला (डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम बनवायची-चालवायची व्यवस्था, ८ हे तिच्या नव्या पिढीतलं व्हर्जन), माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं, सोमवारी सकाळी गिऱ्हाइकांना पाठवून दिलं आणि अकराच्या आत पहिला फोन, "भाई, तमारुं बटन तो गायब थई गयुं!"

जाऊन बघितलं तर स्क्रीनवर एकच ओळ, सिस्टिम डॉट रनटाइम, व्हर्जन ८.०.०.० सापडत नाही. चूक शंभर टक्के माझीच. त्यांच्याकडे ऑटोकॅड २०२१. आता ऑटोकॅड २०२१ ते २०२४ ही डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर, म्हणजे जुन्या पिढीच्या डॉटनेटवर, चालतात आणि २०२५ व २०२६ डॉटनेट ८ वर, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि डीएलएल, म्हणजे प्लगइनची तयार फाइल, पाठवायच्या आधी आठवणं यात फरक आहे ना.

पोरांना इथे एक गोष्ट कुणी सांगतच नाही. आपण स्वतंत्र प्रोग्रॅम बनवला तर लागणारं रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा डॉटनेटचा भाग) त्याच्याबरोबर बांधून देता येतं. प्लगइनला तसं करता येत नाही कारण ते दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये राहायला जातं, वाड्यातल्या भाडेकरूसारखं, वायरिंग मालकाचं आणि मीटरही मालकाचा, तुम्ही तीन फेजची मोटर घेऊन गेलात म्हणून मालक काही लाइन बदलून देणार नाही. म्हणजे टार्गेट फ्रेमवर्क, कुठल्या डॉटनेटसाठी बनवायचं ते, आपल्या आवडीवर नाही ठरत, ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन घुसणार त्याच्यावर ठरतं.

बरं मग कुणी म्हणेल, जुन्यासाठीच बनवा, ४.८ वर, नवीनवाला सांभाळून घेईल. मीही तेच केलं, घाबरून उलटा पळालो. आणि हे जास्त वाईट निघालं, कारण ४.८ चं डीएलएल डॉटनेट ८ वर कधीकधी लोड होतं, बटण दिसतं, यादीही येते. एका गिऱ्हाइकाची रेटची फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या गुजराती फाँटमध्ये नोटपॅडवर टाइप केलेली, वडिलांच्या काळातली. माझ्या कोडमध्ये फाइल वाचताना एन्कोडिंग डॉट डीफॉल्ट, म्हणजे अक्षरं ओळखायची नेहमीची पद्धत, असं लिहिलेलं. जुन्या फ्रेमवर्कमध्ये याचा अर्थ विंडोजचं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता), नव्यात याचा अर्थ यूटीएफ-८ (युनिकोडची पद्धत). झालं, नावांच्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन, नाव जुळेना म्हणून रेट शून्य, आणि एरर मात्र कुठेच नाही! त्या गिऱ्हाइकानं टोटल बघून विचारलं म्हणून वाचलो, नाहीतर तेच कोटेशन गेलं असतं पुढे. आता मी कोडपेज १२५२ असं स्पष्ट लिहितो, आणि नव्या डॉटनेटमध्ये ते आयतं मिळत नाही, कोडपेजेसचा प्रोव्हायडर आधी रजिस्टर करावा लागतो, तेही शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

शेवटी जे जमलं ते असं. सगळा हिशोब, वजनं, यादी, हे एका वेगळ्या लायब्ररीत, डॉटनेट स्टँडर्ड २.० वर. आणि ऑटोकॅडला हात लावणारा पातळसा भाग दोनदा बिल्ड होतो, एकदा ४.८ साठी आणि एकदा डॉटनेट ८ विंडोजसाठी, कोड तोच. प्रोजेक्ट फाइलमध्ये टार्गेटफ्रेमवर्कच्या पुढे अनेकवचनाचा एस लावायचा आणि दोन्ही नावं अर्धविरामानं लिहायची. तो एस राहिला की बिल्ड असा काही रुसतो की माणूस स्वतःच्या अकलेवर शंका घेतो.

स्टँडर्ड म्हटलं की पोरांना वाटतं हे पण काहीतरी इन्स्टॉल करायचं असतं. नाही हो. ती नुसती यादी आहे, या या गोष्टी प्रत्येक डॉटनेटमध्ये असतील असा करार. २.० हा २०१७ चा, जुना, पण दोन्ही बाजूंना पटणारा शेवटचा करार तोच आहे. २.१ पण आहे, आकडा मोठा म्हणून लोक तो घेतात, आणि डॉटनेट फ्रेमवर्क त्याला ओळखतच नाही! मोठा आकडा चांगला, ही सवय मोबाइल घेताना ठीक आहे.

हिशोब वेगळा काढल्याचा एक फायदा असा झाला की तोच भाग भाच्यानं लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरवर चढवला, म्हणजे यादी मोबाइलवर पण बघता येते. तिथेही दोन ठेचा लागल्याच. फाइलच्या नावात आर मोठा की छोटा याची विंडोजला फिकीर नसते, लिनक्स म्हणतं अशी फाइलच नाही. आणि यादीवर लोगो चिकटवायला वापरलेलं सिस्टिम डॉट ड्रॉइंग डॉट कॉमन हे चित्रांचं पॅकेज डॉटनेट ७ पासून लिनक्सवर चालतच नाही. तो लोगो मी काढूनच टाकला, कुणी विचारलंही नाही. मॅकवाले एक आर्किटेक्ट आहेत अलकापुरीत, त्यांना मात्र हात जोडले, मॅकच्या ऑटोकॅडमध्ये डॉटनेट प्लगइनला दरवाजाच नाही, तिथं लिस्पसारखी वेगळी भाषा लागते.

आणि गंमत बघा, डॉटनेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतोय, आणि ज्याला सगळे म्हातारा म्हणतात तो ४.८ विंडोजचाच भाग आहे, विंडोजच्या त्या व्हर्जनला सपोर्ट आहे तोवर त्यालाही आहे.

माझं म्हणणं एवढंच की कॉलेजांनी प्रोजेक्टला मार्क देताना एकदा विचारावं, बाळा, हे कुठल्या मशीनवर चालणार, ते मशीन तू बघितलंस का? मी आता एक वही ठेवलीये, कुणाकडे कुठलं ऑटोकॅड, कुठलं विंडोज, शेवटचं कधी तपासलं. त्यातलं एक पान एका वर्कशॉपचं आहे, विंडोज ७, त्यावर डॉटनेट ८ ला सपोर्टच नाही, ४.८ मात्र आरामात चालतं. मालकांना दोनदा म्हणालो बदला. ते म्हणाले, मशीन बगड्युं नथी ने? (बिघडलं तर नाही ना?)

तसलाच एक विंडोज ७ चा डबा मी पण घरी टेस्टिंगला ठेवलाय, पंखा जरा खडखडतो. बडोद्यातल्या कुणा विद्यार्थ्याला प्लगइन तपासून बघायचं असेल तर पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवतो, संध्याकाळी सहानंतर पेनड्राइव्ह घेऊन यावं.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदा