पक्या, आधी फोटो काढ, मग गाळ काढ

चिपळूण
२८ जुलै २०२४

प्रिय पक्या,

काल तू फोनवर बोलत होतास आणि मागे वहिनी खराट्याने गाळ ओढत होत्या, तो खर्र खर्र आवाज ऐकला आणि पोटात गोळाच आला बघ. तुझी बॅटरी उतरत होती म्हणून सगळं सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितोय. वहिनींना पण वाचायला दे, तू अर्धंच वाचतोस.

२५ तारखेला पहाटे पुण्यात तुमच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरल्याचं टीव्हीवर बघितलं तेव्हा आई म्हणाली, आता ह्यांना पण कळेल. म्हणजे वाईट अर्थाने नाही रे, तुला आईचं बोलणं माहितीय. आमच्याकडे बाबांनी २६ जुलै २००५ च्या पाण्याची खूण स्वयंपाकघराच्या चौकटीवर खिळ्याने कोरून ठेवली होती, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात आली तेव्हा ते जिन्यात बसून सांगत होते की ह्याच्या वर काय येत नाय. दुसऱ्या दिवशी खाली उतरून बघतो तर नवीन रेघ जुन्या खुणेच्या दीड हात वर. बाबा काही बोललेच नाहीत, हात लावून बघितला फक्त.

तर आता आमचा मूर्खपणा ऐक. पाणी उतरल्यावर कुठून कुठून पोरं आली मदतीला, देवासारखी आली, आणि त्या जोशात आम्ही गाद्या, फ्रिज, आईची शिलाई मशीन, कपाटं सगळं रस्त्यावर ढीग करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी डंपर घेऊन गेला. विमा कंपनीचा सर्वेअर, म्हणजे नुकसान बघणारा माणूस, आला चौथ्या दिवशी. घर धुऊन लख्ख! तो म्हणतो, सामान कुठंय? माझा फोन पाण्यात गेलेला, फोटो एकही नाही. शेवटी शेजारच्या पोराने स्टेटसला ठेवलेला व्हिडिओ सापडला, त्यात ढिगावर आमचा लाल फ्रिज तीन सेकंद दिसत होता, म्हणून फ्रिजचे मिळाले. गाद्या पाच होत्या, त्याने दोन धरल्या. मशीनचा एक रुपया नाही. मला राग त्याचा नाही आला, माझाच आला.

म्हणून तू आज राहिलेल्या गाळाला हात लावायच्या आधी फोटो काढ. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागचं मॉडेल नंबरचं स्टिकर. मग गाळ खुशाल काढ, त्याला थांबू नकोस, तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. पण सामान फेकू नकोस, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेव. गादी सडायलाच लागली तर फोटो काढून तिचा एक तुकडा कापून ठेव आणि टाकायच्या आधी विमा कंपनीला मेल करून विचार. तलाठ्याचा पंचनामा होईल त्याची कॉपी घे, तो सरकारी मदतीसाठी असतो, पण क्लेमला पण जोडता येतो.

घराची विमा पॉलिसी नाही म्हणालास ना, तर होम लोनची फाईल काढ. बँकेने बऱ्याचदा त्यात एक लावलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यावर भारत गृह रक्षा लिहिलेलं असेल तर पूर त्यात येतो, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामानपण आपोआप धरलेलं असतं. दागिने नाही हं त्यात. आजच कळव, आणि क्लेम नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. माझा भाचा एजंट आहे, तो सांगत होता की ह्याच जूनमध्ये विमा कंपन्यांसाठी नवीन सर्क्युलर आलंय, कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, १५ दिवसांत रिपोर्ट आणि रिपोर्टनंतर ७ दिवसांत निर्णय. टाळाटाळ केली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्यातच विमा लोकपालचं ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही.

आता वाळवण्याचं, इथे मी दुसऱ्यांदा माती खाल्ली. गणपती १० सप्टेंबरला होते आणि आईला रंगवलेलं घर पाहिजे होतं, भिंत हाताला कोरडी लागत होती म्हणून दिला रंग. दिवाळीत मखराच्या मागचे पोपडे हातात आले, आत पांढरा खार. भिंत बाहेरून वाळते रे, आतल्या विटा महिनोन् महिने ओल्या असतात. तू काय कर, हातभर लांबीरुंदीचं जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटव, दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर रंगाचं नाव काढू नकोस. यंदाचे गणपती तशाच भिंतीत बसव, बाप्पा काही म्हणत नाही.

आणि वहिनी चोवीस तास खिडक्या उघड्या ठेवत असतील तर सांग, बाहेर पाऊस असताना ती दमट हवा आतच येते. ऊन पडलं की उघडा, एरवी बंद करून वरच्या मजल्यावाल्यांकडून पेडेस्टल फॅन आणा, एसी चालू असेल तर ड्राय मोडवर. पण हे सगळं इलेक्ट्रिशियनने प्रत्येक बोर्ड उघडून, वाळवून, तपासल्यानंतर! तोवर मेन स्विच बंद म्हणजे बंद. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढ, ड्रॉवर फुगून अडकले असतील तर मागची प्लाय काढून आतलं बाहेर घे, ओढाताण केलीस तर पुढची फळीच हातात येते, अनुभव आहे.

मी शनिवारी येतोय, पंप आणि दोन फॅन गाडीत टाकून. आईने सोलकढीचा आगळ आणि तुझ्यासाठी फणसपोळी बांधून ठेवलीय. जड काही एकट्याने उचलू नकोस, तुझी कंबर मला माहितीय.

तुझा,
बंड्या

ता. क. पार्किंगमधल्या गाडीला चुकूनही स्टार्टर मारू नकोस. इंजिनात पाणी असेल तर इंजिन तिथेच जाम होईल, आणि मग साध्या पॉलिसीत सहसा इंजिनचे पैसे देत नाहीत. टो करून न्यायला सांग.