जलोदर ओळखणारा डॉक्टर ॲसिडिटीपुढे का अडखळतो?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

अंतिम वर्षाच्या परीक्षेत पोटाची लाँग केस (सविस्तर तपासून सांगायचा रुग्ण) मिळाली की ती बहुधा ठरलेली असते: सिरॉसिस (निबर झालेलं यकृत), पोटात पाणी म्हणजे जलोदर, वाढलेली प्लीहा. विद्यार्थी शिफ्टिंग डलनेस (कूस बदलली की सरकणारं पाणी, पोटावर ठोकून) दाखवतो, पोर्टल हायपरटेन्शनची (यकृताकडे जाणाऱ्या शिरेतल्या वाढलेल्या दाबाची) कारणं घडाघडा सांगतो आणि पास होतो. (सिरॉसिसचाच रुग्ण का, तर ठरल्या दिवशी त्याच्या पोटात पाणी असतंच. परीक्षा घेणाऱ्यांची सोय!) मग तो इंटर्न होऊन ओपीडीत बसतो. तिथे येणारे म्हणतात, जळजळ होते, गॅस होतो, पोट साफ होत नाही. पोट चाचपून काहीच हाताला लागत नाही. केसपेपरवर 'ॲसिडिटी' लिहून खाली पॅन्टोप्राझोल, आम्ल कमी करणारी गोळी, येतं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली जाते.

मी मेडिसिन शिकवतो. माझी तक्रार त्या इंटर्नबद्दल नाही. पाच वर्षांत त्याला हा रुग्ण कुणी शिकवलाच नाही, कारण हा रुग्ण वॉर्डात भरती होत नाही आणि आमचं शिकवणं वॉर्डातल्या खाटांभोवती फिरतं.

पॅन्टोप्राझोल वाईट औषध नाही. या जातीचं पहिलं औषध, ओमेप्राझोल, १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि अल्सरच्या रुग्णांचे हाल खूप कमी झाले. पण ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं असतं, कारण जठरातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि औषध जागे झालेले पंपच बंद करतं. हे रुग्णाला कुणी सांगत नाही. त्याहून मोठी अडचण गोळी थांबवण्याची. बरेच दिवस घेऊन एकदम सोडली, तर काही आठवडे आम्ल उलट जास्त सुटू शकतं. रुग्ण म्हणतो, 'गोळी सोडली की त्रास होतो', आणि गोळी जन्माची होऊन बसते. गोळी सुरू करण्याचा डोस आम्ही तोंडी परीक्षेत विचारतो. ती कधी आणि कशी उतरवायची, हा प्रश्न मी कुठल्याही परीक्षकाच्या तोंडून ऐकलेला नाही.

जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूचंही तसंच. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी या जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं, त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं, हेही काहींना ठाऊक असतं. पण हा जंतू शोधणाऱ्या श्वासाच्या तपासणीआधी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' असा येऊ शकतो, हे विचारा. वर्गात शांतता पसरते.

आता बद्धकोष्ठाकडे येतो, कारण आमचा आळस तिथे सगळ्यात उघडा पडतो. काही रुग्णांचं आतडं नीट चालतं, पण जोर लावताना गुदद्वाराचे जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. रेचकांवर रेचकं दिली तरी यांचं समाधान होत नाही. त्यांना लागतं ते बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू कधी आवळायचे आणि कधी सोडायचे याचं प्रशिक्षण. याचा पहिला सुगावा महागड्या यंत्रावर लागत नाही. हातमोजा घालून, बोट आत ठेवून रुग्णाला 'शौचाला बसल्यासारखा जोर लावा' म्हटलं, तर बोटाभोवतीची पकड सुटते की घट्ट होते ते कळतं. मिनिटभराचं काम. तरी ही बोटाने करायची गुदद्वाराची तपासणी, म्हणजे पीआर, एकदाही न करता डॉक्टर होणारी मुलं मी पाहिली आहेत. केसपेपरवर मात्र 'पीआर: एनएडी', म्हणजे काही दोष आढळला नाही, असं लिहिलेलं असतं.

हे केवळ गैरसोयीचं प्रकरण नाही. मध्यंतरी सांधेदुखीवर रोज गोळ्या घेणारे एक गृहस्थ आले. 'अशक्तपणा आणि ॲसिडिटी' एवढ्यावर त्यांना आधी दोन ठिकाणांहून औषध मिळालं होतं. शौचाचा रंग कुणी विचारला नव्हता. तो डांबरासारखा काळा होता. वेदनाशामकांनी जठरात अल्सर होऊन आत रक्त जात होतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का, हेही विचारावं लागतं. आणखीही प्रश्न असतात: वजन घटतंय का, गिळताना अडकतं का, रात्री पोटदुखीने जाग येते का, चालताना छातीखाली दुखून घाम फुटतो का? शेवटचा प्रश्न तर पोटाचा नाहीच, हृदयाचा आहे. हृदयविकाराचा झटका 'ॲसिडिटी' म्हणून घरी पाठवला जातो तो तिथेच.

महोदय, आपण नव्या एन्डोस्कोपी विभागांची घोषणा करता. दुर्बीण हवीच. पण कुणाला दुर्बीण लागेल आणि कुणाला आधी हेलिकोबॅक्टरची तपासणी पुरेल, हे ठरवणारा डॉक्टर नसेल, तर नव्या विभागाबाहेर फक्त नवी रांग लागेल.

माझी मागणी परीक्षेपासून सुरू होते, कारण परीक्षेत जे येतं तेच शिकलं जातं. अंतिम परीक्षेत एक रुग्ण ओपीडीतला ठेवा, ज्याच्या पोटाला हात लावून काही सापडत नाही असा. गुण प्रश्न विचारण्याला द्या, आणि औषध का दिलं व कधी थांबवणार, हे लिहिण्याला द्या. पीआर तपासणी आधी मॅनेकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), मग रुग्णाच्या संमतीने आणि शिक्षकासमोर झाल्याशिवाय इंटर्नशिप पूर्ण धरू नका. पोटविकाराच्या तज्ज्ञांना आठवड्यातून एक सकाळ साध्या मेडिसिन ओपीडीत विद्यार्थ्यांसोबत बसवा. ते कुरकुरतील, कारण त्यांची रेफर होऊन येणारी यादी लांबच लांब असते. पण त्यातले कितीतरी रुग्ण या ओपीडीतच निस्तरता आले असते. श्वासाची किंवा शौचाची हेलिकोबॅक्टर तपासणी प्रत्येक शिकवणाऱ्या रुग्णालयात मिळायला हवी. नाहीतर वर्गात सांगितलेलं ओपीडीत करून दाखवताच येत नाही.

यातलं परीक्षेचं कलम पुढच्या सत्राआधी लागू होऊ शकेल का, एवढं तरी कळवावं.

आपला,
मेडिसिनचा एक शिक्षक