सहलीला नेण्यास हरकत नाही

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

फिट्सच्या गोळ्या तुम्ही दिल्यात, त्या लागूही पडल्या. पण हे पत्र गोळ्यांसाठी नाही.

सातवीत शाळेने मला सहलीला न्यायला नकार दिला, तेव्हा आई तुमच्यासमोर रडवेली होऊन बसली होती. ओपीडी तुडुंब भरलेली. तरी तुम्ही लेटरहेड पुढे ओढलंत आणि मुख्याध्यापिकांना ठसठशीत मराठीत लिहिलंत: ‘सहलीला नेण्यास हरकत नाही. झटका आल्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास लगेच दवाखान्यात न्यावे.’ खाली तुमच्या घरचा फोन नंबर. (डॉक्टरांचं अक्षर शिपाईकाकांनाही वाचता आलं, याचं शाळेत जास्त कौतुक झालं.) बाईंनी ती चिठ्ठी शिक्षकांच्या खोलीत लावली आणि मी रायगड पाहिला.

लग्नाच्या वेळी तुम्हीच म्हणालात, “लपवाछपवी नको, त्यांना इकडे घेऊन या.” सासूबाईंच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की आकडी येणाऱ्या मुलीचं लग्न कोर्टात टिकत नाही. तुम्ही त्यांना उडवून लावलं नाहीत. “मावशी, पूर्वी तसं होतं खरं,” म्हणत हिंदू विवाह कायद्यातली जुनी अट समजावलीत. वारंवार फिट येत असेल, तर त्या कारणावरून लग्न रद्द ठरवून घेता यायचं. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनच्या डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९९९ च्या दुरुस्तीने ती अट गेली. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्या डॉक्टरांचेही आभार. त्याच भेटीत, पुढे बाळाचा विचार असणार म्हणून, व्हॅल्प्रोएट ही फिट्सची गोळी बदलायची आणि फॉलिक अॅसिड सुरू करायचं, हेही सगळ्यांसमोर मोकळेपणाने बोललात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, अपस्मार (म्हणजे आपला फिट्सचा आजार) मात्र नाही. त्यावर तुम्ही भाषणात चिडता, ते चिडणं असंच चालू ठेवा.

१७ नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या कार्यक्रमात कुणी बोलायला हवं असेल तर कळवा. सासूबाई तयार आहेत. किती वेळ बोलतील, याची हमी मात्र मी देत नाही.

तुमची जुनी पेशंट