क्रेगनॉच्या चिखलात भेटलेल्या आजींना

आजी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि मराठी काही तुम्हाला येत नाही त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचणारही नाही बहुतेक, पण थँक्यू म्हटल्याशिवाय चैन पडेना.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला गॅलोवेत एवढे डोंगर, त्यात सगळे जातात 843 मीटरच्या मेरिकवर. मला गर्दी नको होती म्हणून क्रेगनॉ निवडला, 645 मीटर, म्हटलं दुपारपर्यंत खाली येऊ. हसू नका. लॉख व्हॅलीचं तळं मागे पडलं तशी वाट गायबच झाली, फोनला रेंज नाही, माणूस तर नाहीच, आणि समोर मस्त पोपटी हिरवळ दिसली म्हणून पाय टाकला तो गुडघ्याच्या वर आत! जेवढा ओढतोय तेवढा बूट खालून कोणीतरी धरल्यासारखा.

तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, खाली बसा. चिखलात! बसलो, मग मागे रेलून पाय हळूहळू गोल फिरवत सोडवला, फच्च आवाज झाला आणि बुटासकट बाहेर. ओरडला नाहीत, उलट ते पोपटी शेवाळ मूठभर उपटून टॉवेल पिळावा तसं पिळून दाखवलंत, केवढं पाणी! लव्हाळी दिसली की वळसा घ्यायचा, हेदरची झुडपं असतील तिथे त्यातल्या त्यात कोरडं, आणि ग्रॅनाइटचा कातळ लागला की तो सोडायचा नाही. हा काळा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर साठतो म्हणालात, म्हणजे मी पाचएकशे वर्षं आत गेलो होतो की.

मलाही तिकडेच जायचंय म्हणत कातळापर्यंत सोबत आलात, वर हातात तुमचा चालताना टेकायचा एक पोल दिलात. पुढे सोपं गेलं. माथ्याच्या उत्तरेला ते सपाट कातळावर हिमयुगातल्या बर्फाने सोडून दिलेले गोल गोल धोंडे पण बघून आलो, डेव्हिल्स बोलिंग ग्रीन म्हणे, सैतानाचं बोलिंगचं मैदान, खरंच कोणीतरी डाव अर्धवट टाकून गेल्यासारखं वाटतं.

पण त्याआधी माथ्यावरून खाली बघितलं तर तुमचं लाल जॅकेट तळ्याच्या काठाने परत चाललेलं. तुम्हाला वर यायचंच नव्हतं ना?

संध्याकाळी पोल घेऊन वाट जिथून सुरू होते त्या ब्रूसच्या दगडापाशी, रॉबर्ट ब्रूस राजाच्या स्मारकाशी, तासभर थांबलो होतो. तो पोल अजून माझ्याकडेच आहे, चिखल पुसून ठेवलाय.