आईला ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगू नकोस

गुहागर

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज सकाळी तू आईला सुविचार पाठवतोस ना, ते बंद कर. फोनवरच सांगितलं असतं, पण ती कायम जवळपास असते. ते वाचून तिला धीर येत नाही. उलट, जरा भीती वाटली की आपलंच मन कच्चं, आता दुखणं वाढणार, असं घेऊन बसते. मनाच्या जोरावर कॅन्सरची गाठ विरघळते याला काही आधार नाही. गाठीसाठी केमो आहे. मनावरच्या उपचारांनी घाबरेपणा आणि उदासी कमी होते, झोप लागते, आणि ते काही थोडं नाही.

समुपदेशक बाईंनी तिला मनाचा त्रास मोजायचं तापमापीचं चित्र दाखवलं. ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सोसवत नाही. ४ किंवा वर असेल तर पुढची चौकशी करतात. घरी कधीही विचारा, ‘बरी आहे मी’ म्हणणाऱ्या तुझ्या आईने ७ वर बोट ठेवलं.

केमोला चिपळूणला जाताना शृंगारतळी मागे पडली की तिला मळमळायला लागतं. सलाईन अजून लागलेलंही नसतं! बाई म्हणाल्या, हे मनाचे खेळ नव्हेत. मागचा त्रास शरीराच्या लक्षात राहतो, आणि ओळखीचा रस्ता, ओळखीचा वास आला की पोट आधीच ढवळतं. डॉक्टरांनी गोळी दिलीय, शिवाय अंग सैल सोडण्याचा व्यायाम शिकवलाय. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तो शंभरेक वर्षांपूर्वी बसवला. मुठी घट्ट आवळायच्या, थोडा वेळ धरायच्या, मग एकदम सोडायच्या. तसेच दंड, खांदे, जबडा, थेट पायाच्या बोटांपर्यंत. दुपारी पडवीत चटई टाकून करते, गाडीतही करते. मळमळ गेलेली नाही, पण आता मार्गताम्हाणं येईपर्यंत पिशवी लागत नाही.

रात्री मात्र विचारते, ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ त्यात परवा एक पाहुणे येऊन पितृदोष सांगून गेले. मला फार राग आला. आजार म्हणजे पापाची शिक्षा नव्हे, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगतो. लंडनला १९६७ साली हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यातल्या माणसांना सांभाळणारं रुग्णालय, काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स म्हणत, दुखणं शरीराचं तसं मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचंही असतं. ते मला रोज दिसतंय. संध्याकाळी शेजारणी हरिपाठाला येतात, त्याने ती निवते. ज्या दिवशी नको म्हणते, त्या दिवशी कुणी आग्रह करत नाही.

‘भीती वाटते’ म्हणाली तर ‘असं बोलू नये’ म्हणून तोडू नकोस. कसली वाटते, विचार, आणि ऐकून घे. रडली तर रडू दे. पुढच्या केमोला रजा काढून ये. गाडीत तिच्या शेजारी तू बस, मी पुढे बसेन.

तुझा,
बाबा